मास्तर गोलकीपर

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ही व्याख्यानमाला एका क्रीडाशिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. शिक्षकांच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानमाला आपल्याकडे आहेत, पण ते शिक्षक बहुधा मराठीचे, गणिताचे किंवा इतिहासाचे असतात. पी.टी.च्या सरांसाठी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढावी आणि दरवर्षी व्याख्यान ठेवावं, हे क्वचितच घडतं. त्यामुळे विषय शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. खेळ शिकवणाऱ्या माणसाविषयीच बोलायचं हे ठरलेलं होतं. माणूस मात्र मी मुद्दाम लांबचा निवडला. जवळच्या माणसाविषयी बोलताना आपण हात जोडतो आणि तपशिलात शिरायचं टाळतो. लांबच्या माणसाच्या बाबतीत ती अडचण नसते.

त्यांचं नाव बॉबी क्लार्क. स्कॉटलंडचे गोलकीपर. अ‍ॅबर्डीन या क्लबकडून ते दीड दशक खेळले, देशासाठी १७ सामने खेळले आणि त्यानंतर तीसेक वर्षं अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांत मुलांना फुटबॉल शिकवत राहिले. खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर एक विक्रम होता. तो मिनिटांत मोजलेला होता. शिक्षक म्हणून त्यांनी जे केलं ते मोजायला मात्र कोणतंही घड्याळ पुरत नाही. खेळाडूची कामगिरी त्याच संध्याकाळी कळते, शिकवणाऱ्याची कळायला वीस-वीस वर्षं लागतात आणि तोवर कुणीतरी त्याला काम करू द्यावं लागतं. आज मला एवढंच सांगायचं आहे. बाकीचा वेळ मी त्याचा पुरावा देण्यात घालवणार आहे.

क्लार्क यांचा जन्म २६ सप्टेंबर १९४५ चा, ग्लासगोचा. सुरुवातीचा खेळ क्वीन्स पार्कमध्ये. हा क्लब त्या काळात हॅम्पडेन पार्क या अवाढव्य मैदानाचा मालक, आणि तरीही निखळ हौशी. खेळाडूंना पगार नाही. त्यामुळे तिथे खेळणाऱ्या मुलाला पोटापाण्याचं काहीतरी दुसरं बघावंच लागे. क्लार्क यांनी ग्लासगोच्याच जॉर्डनहिल कॉलेजात शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं. आपल्या भाषेत सांगायचं तर बी.पी.एड.

मैदानातला खेळाडू थकला की कोच होतो, ही आपल्या डोक्यातली नेहमीची पायरी. क्लार्क यांच्या बाबतीत ती लागू पडत नाही. वर्ग कसा घ्यायचा, एका तासाचं नियोजन कसं करायचं, जमत नसलेल्या मुलाला कुठून सुरुवात करून द्यायची, हे ते विशीत शिकले. आणि ते एकटेच नव्हते. १९८६ पासून २००१ पर्यंत स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाची धुरा अँडी रॉक्सबर्ग आणि क्रेग ब्राऊन या दोघांनी लागोपाठ सांभाळली. दोघेही पेशाने शिक्षक. त्या देशात फुटबॉल आणि शाळामास्तरकी यांचं नातं जुनं आहे.

क्वीन्स पार्कचे प्रशिक्षक होते एडी टर्नबुल. १९६५ मध्ये ते अ‍ॅबर्डीनला गेले आणि जाताना या गोलकीपरलाही घेऊन गेले. अ‍ॅबर्डीन म्हणजे स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाचं, उत्तर समुद्राच्या काठचं, करड्या ग्रॅनाइटमध्ये बांधलेलं शहर. तिथलं पिटोड्री मैदान समुद्राला इतकं जवळ की हवेतल्या चेंडूचा अंदाज घेताना गोलकीपरला वाऱ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. स्कॉटिश फुटबॉलवर सत्ता ग्लासगोच्या सेल्टिक आणि रेंजर्स या दोघांची. बाकीचे क्लब त्यांच्याकडून हरायला जायचे, अशी स्थिती.

अमेरिकेशी त्यांची पहिली गाठ पडली ती १९६७ च्या उन्हाळ्यात, तीही मोठ्या गमतीच्या वाटेने. अमेरिकेत एक नवी लीग घाईघाईने उभी करायची होती आणि खेळाडूच नव्हते. मग त्यांनी युरोपातले, दक्षिण अमेरिकेतले अख्खे क्लब मागवले आणि त्यांना अमेरिकन शहरांची नावं दिली. अ‍ॅबर्डीनचा संघ दोन महिने ‘वॉशिंग्टन व्हिप्स’ झाला, इंग्लंडचा वुल्व्हरहॅम्प्टन झाला ‘लॉस एंजेलिस वुल्व्ह्ज’. हेच दोघे अंतिम सामन्यात समोरासमोर आले आणि जादा वेळेत लॉस एंजेलिस ६-५ ने जिंकले. ज्या देशात फुटबॉल असा आयात करावा लागत होता, त्याच देशात पुढे तो शिकवायला जायचं आहे, याची तेव्हा क्लार्क यांना कल्पना असणं शक्य नव्हतं.

१९६९ मध्ये त्यांची जागा गेली. एर्नी मॅकगार या दुसऱ्या गोलकीपरने ती इतकी पक्की बळकावली की तो देशासाठीही खेळला. मैदानावर अकरा जागा. त्यातल्या दहा जणांच्या जागा थोड्याफार बदलता येतात, गोलकीपरची येत नाही. तो एकतर खेळतो किंवा बसतो. क्लार्क बसले नाहीत. राखीव संघात त्यांनी गोल सोडून मैदानी खेळाडूची जागा घेतली, आणि एकदा तर मुख्य संघातही बदली म्हणून मैदानात उतरले. ज्या बचावफळीच्या मागे उभं राहून इतकी वर्षं ओरडून सूचना दिल्या, त्या सूचना ऐकणाऱ्याच्या जागी उभं राहायला मिळालं. कोच होणाऱ्या माणसाला याहून चांगलं शिक्षण कोणतं मिळणार?

वर्षभरात जागा परत मिळाली. ११ एप्रिल १९७० रोजी हॅम्पडेनवर एक लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर अ‍ॅबर्डीनने सेल्टिकला ३-१ ने हरवून स्कॉटिश कप जिंकला. कर्णधार मार्टिन बुकन अवघ्या एकवीस वर्षांचा, गोलात क्लार्क. आणि त्याच वर्षाच्या हिवाळ्यात तो विक्रम झाला. लीगच्या सामन्यांत सलग १,१५५ मिनिटं त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही. बारा सामने पूर्ण कोरे. जानेवारी १९७१ मध्ये एडिंबराच्या ईस्टर रोडवर हिबर्नियनच्या पॅट स्टँटनने अखेर चेंडू जाळ्यात घातला तेव्हा ही मालिका तुटली.

या आकड्याकडे जरा बारकाईने बघू. त्या काळात आपल्याच खेळाडूने मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येत असे. ती सोय १९९२ मध्ये नियम बदलून काढून घेण्यात आली. म्हणजे तेव्हा बचाव करणं आजच्यापेक्षा काहीसं सोपं होतं. दुसरं, या १,१५५ मिनिटांत बुकनसारख्या बचावपटूंचा वाटा मोठा आहे. पण विक्रम लिहिला गेला गोलकीपरच्या नावावर, आणि ते तसं चुकीचंही नाही. कारण गोलकीपरचं अर्धं काम झेप घेण्याचं नसतंच. अख्खं मैदान समोर दिसणारा तो एकमेव खेळाडू. डावीकडचा एक पाऊल आत घे, तो सुटलाय, त्याला धर, असं तो सतत सांगत असतो. ते सांगणं वेळेवर झालं तर झेप घ्यायची वेळच येत नाही, आणि लोकांना वाटतं गोलकीपरला आज काही कामच नव्हतं. चांगल्या शिक्षकाबद्दलही लोकांना नेमकं हेच वाटतं.

त्या हंगामात अ‍ॅबर्डीन लीगमध्ये दुसरं आलं, विजेतेपद सेल्टिकचं. म्हणजे विक्रम झाला आणि लीग हुकली. पुढे याहून वाईट दिवसही आले. १४ फेब्रुवारी १९७३ रोजी स्कॉटिश फुटबॉल संघटनेच्या शताब्दीनिमित्त हॅम्पडेनवर इंग्लंडला बोलावलं होतं. गोठलेल्या मैदानावर पाहुणे ५-० ने जिंकून गेले. गोलात क्लार्क होते. त्या वर्षानंतर ते देशासाठी पुन्हा खेळले नाहीत. १९७८ मध्ये अर्जेंटिनातल्या विश्वचषकाला संघाबरोबर गेले खरे, पण सगळे सामने अ‍ॅलन रफ खेळला.

अ‍ॅबर्डीनमध्ये मात्र ते टिकून राहिले. मधल्या १९७६ च्या उन्हाळ्यात टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओ थंडरकडून खेळून आले. १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंडचा कर्णधार बॉबी मूर त्याच संघात होता. परत आल्यावर लीग कप जिंकला. १९७८ मध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नावाचा तरुण व्यवस्थापक आला, आणि ३ मे १९८० रोजी ईस्टर रोडवर, ज्या मैदानावर विक्रम तुटला होता तिथेच, हिबर्नियनला ५-० ने हरवून अ‍ॅबर्डीनने लीग खिशात घातली. १९५५ नंतर पहिल्यांदा. क्लार्क तेव्हा चौतिशीत होते. पुढच्या हंगामात जिम लेटन नावाच्या तरुण गोलकीपरने जागा घेतली. पुढे तो स्कॉटलंडसाठी नव्वदहून जास्त सामने खेळला.

इथपर्यंतची गोष्ट एका चांगल्या व्यावसायिक खेळाडूची आहे. स्कॉटलंडमध्ये अशा गोष्टी शेकड्याने सापडतील. आता ज्या भागासाठी मी त्यांना निवडलं, तिकडे वळतो.

निवृत्तीनंतर क्लार्क झिम्बाब्वेतल्या बुलावायोला गेले. देशाला स्वातंत्र्य मिळून जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती. तिथल्या हायलँडर्स क्लबचं नाव ऐकून वाटेल की कुणा स्कॉटिश माणसानेच तो काढला असावा. प्रत्यक्षात १९२६ मध्ये तो सुरू केला एन्डेबेले राजा लोबेन्गुलाच्या नातवांनी. या क्लबला क्लार्क यांनी शिकवलं. मुक्काम मोठा नव्हता, पण कुटुंब बरोबर होतं, मुलं तिथे वाढत होती. या मुक्कामाचं पुढे काय झालं ते मी शेवटाकडे सांगेन.

१९८५ मध्ये ते अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅनोव्हर या लहानशा गावी, डार्टमथ कॉलेजात कोच म्हणून रुजू झाले. इथे अमेरिकन कॉलेज खेळांची रचना थोडी समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अमेरिकेत विद्यापीठांमधला खेळ ही एक स्वतंत्र दुनिया आहे. एनसीएए ही संस्था तिचे नियम करते. फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि डिसेंबरात संपतो. आठवड्याला अनेकदा दोन सामने. कोचने आठवड्याला मुलांचे किती तास घ्यायचे यालाही मर्यादा, वीस तासांची. एका खेळाडूला चार हंगाम मिळतात. तो परीक्षेत मागे पडला तर खेळायला अपात्र ठरतो. अगदी अलीकडेपर्यंत पहिल्या श्रेणीच्या पुरुष संघाला जास्तीत जास्त ९.९ शिष्यवृत्त्या देता येत. होय, नऊ पूर्णांक नऊ दशांश! संघात पंचवीस-तीस मुलं, त्यामुळे एकाला अर्धी, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला काहीच नाही, असं वाटप कोचला करावं लागे.

व्यावसायिक क्लबात व्यवस्थापकाला एखादा मोहरा कमी वाटला तर तो विकत घेतो. कॉलेजच्या कोचला ती मुभा नाही. चौथ्या वर्षी तयार झालेला उत्तम खेळाडू पदवी घेऊन निघून जातो आणि त्याच्या जागी अठरा वर्षांचं नवं पोर येतं. दरवर्षी संघाचा चौथा हिस्सा जातो. शिकवलेलं हातात राहत नाही. शाळेतल्या शिक्षकाला यात नवीन काही नाही, दहावीचा वर्ग दरवर्षी जातोच. पण विजेतेपदासाठी जबाबदार धरलेल्या माणसाला हे पेलणं अवघड असतं.

डार्टमथमध्ये तर ९.९ सुद्धा नव्हत्या. ते आयव्ही लीगमधलं कॉलेज, आणि आयव्ही लीग खेळाच्या गुणवत्तेवर एकही शिष्यवृत्ती देत नाही. मुलाने आधी अभ्यासाच्या जोरावर प्रवेश मिळवायचा, मग खेळायचं. क्लार्क यांना कॉलेज मिळालं ते असं. तिथल्या नऊ वर्षांत त्यांनी तीनदा आयव्ही लीग जिंकली आणि दोनदा राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत संघ नेला. शिष्यवृत्तीचा मोह दाखवता येत नसेल तर खेळाडूला आणायचं कसं? उत्तर एकच: इथे येशील तर शिकशील, एवढी खात्री त्याला वाटली पाहिजे.

१९९४ ते १९९६ ते न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. मग कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला आले. तिथे त्यांच्या हाताखाली सायमन एलियट आणि रायन नेल्सन हे दोन न्यूझीलंडचे खेळाडू खेळले. नेल्सन पुढे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ब्लॅकबर्नकडून खेळला. दक्षिण आफ्रिकेतल्या २०१० च्या विश्वचषकात तो न्यूझीलंडचा कर्णधार होता आणि एलियट मधल्या फळीत. त्या संघाने स्लोव्हाकियाला, गतविजेत्या इटलीला आणि पॅराग्वेला बरोबरीत रोखलं. गटातून पुढे जाता आलं नाही, पण त्या स्पर्धेत एकही सामना न हरलेला तो एकमेव संघ ठरला. विजेता स्पेनसुद्धा पहिला सामना हरला होता.

१९९८ मध्ये स्टॅनफर्ड राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचलं आणि इंडियानाकडून ३-१ ने हरलं. त्या संघात क्लार्क यांचा मुलगा जेमी बचावफळीत होता. तेव्हा क्लार्क त्रेपन्न वर्षांचे होते. विजेतेपद मिळालेलं नव्हतं.

२००१ मध्ये ते इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडला, नोटर डेम विद्यापीठात गेले. अमेरिकन फुटबॉलसाठी, म्हणजे हेल्मेट घालून खेळायच्या त्या दुसऱ्याच खेळासाठी, हे विद्यापीठ देशभर प्रसिद्ध. ऐंशी हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतील असं स्टेडियम त्या खेळाचं. आपल्या फुटबॉलच्या नोटर डेम पुरुष संघाने तोवर राष्ट्रीय विजेतेपद कधी पाहिलं नव्हतं. क्लार्क आल्यावर संघ सुधारला. २००३ मध्ये बिग ईस्ट या विभागाची स्पर्धा जिंकली, २००६ आणि २००७ मध्ये राष्ट्रीय उपांत्यपूर्व फेरी गाठली. २०१२ मध्ये पुन्हा बिग ईस्ट. राष्ट्रीय विजेतेपद मात्र नाही. एक वर्ष गेलं, पाच गेली, दहा गेली, बारा गेली.

२०१३ मध्ये विद्यापीठाने विभाग बदलला आणि एसीसी या अधिक कठीण विभागात प्रवेश केला. त्याच वर्षी संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात गेला. १५ डिसेंबर २०१३, पेनसिल्व्हेनियातलं चेस्टर, समोर मेरीलँड. पहिला गोल मेरीलँडच्या पॅट्रिक मलिन्सचा, आणि चेंडू हाताला लागला होता की नाही यावरून वाद. मध्यंतराआधीच लिऑन ब्राऊनने बरोबरी साधली. दुसऱ्या सत्रात हॅरी शिपच्या फ्री किकवर अँड्र्यू ओमॅलीने हेडर मारला. २-१. तो त्यांचा नोटर डेममधला तेरावा हंगाम होता, आणि वय अडुसष्ट.

या सामन्यानंतर सव्वादोन महिन्यांच्या आत दुसरी एक गोष्ट घडली. २२ फेब्रुवारी २०१४ रोजी सेल्टिकचा गोलकीपर फ्रेझर फोर्स्टर याने १,१५५ मिनिटांचा तो विक्रम मोडला. त्रेचाळीस वर्षं टिकलेला विक्रम. फोर्स्टरची मालिका १,२५६ मिनिटांवर थांबली, आणि ती थांबवली पिटोड्रीवर अ‍ॅबर्डीनच्याच जॉनी हेजने. विक्रम असेच असतात. कुणीतरी करतो, कुणीतरी मोडतो. आकडा बदलला की त्याचं काम संपतं.

आता दुसऱ्या प्रकारच्या कामगिरीचा हिशेब करू.

डार्टमथमध्ये ब्रायन वीझ नावाचा एक गोलकीपर क्लार्क यांच्या हाताखाली खेळला. पुढे स्टॅनफर्डला आणि नोटर डेमला त्याने त्यांच्याकडे सहाय्यक कोच म्हणून काम केलं. २००६ मध्ये तो जॉर्जटाऊन विद्यापीठाचा मुख्य कोच झाला आणि २०१९ मध्ये व्हर्जिनियाला पेनल्टींवर हरवून जॉर्जटाऊनने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं.

नोटर डेमला चॅड रायली क्लार्क यांच्या हाताखाली खेळला, मग त्यांचा सहाय्यक झाला, मग डार्टमथचा मुख्य कोच झाला, म्हणजे गुरूच्या पहिल्या गादीवर बसला. २०१७ च्या हंगामानंतर क्लार्क निवृत्त झाल्यावर नोटर डेमची सूत्रंही त्याच्याकडेच आली.

मुलगा जेमी हार्वर्ड आणि क्रायटनला कोच म्हणून काम करून २०११ मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात स्थिरावला.

डिसेंबर २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या केरी इथे राष्ट्रीय स्पर्धेचे शेवटचे चार संघ जमले. जॉर्जटाऊन, कोच वीझ. नोटर डेम, कोच रायली. वॉशिंग्टन, कोच जेमी क्लार्क. आणि चौथा क्लेम्सन. दोनशेहून जास्त विद्यापीठं ज्या श्रेणीत खेळतात, तिथल्या शेवटच्या चारांपैकी तीन संघ एका निवृत्त शिक्षकाच्या हाताखालून गेलेल्या माणसांचे होते!

पुढे काय झालं? वॉशिंग्टनने जॉर्जटाऊनला २-१ ने हरवलं. क्लेम्सनने नोटर डेमला पेनल्टींवर हरवलं आणि अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला २-० ने. त्यातला पहिला गोल तर अर्ध्या मिनिटाच्या आतला. म्हणजे करंडक चौथ्याच संघाने नेला. निकालाची वही उघडली तर त्या वर्षी क्लार्क परंपरेच्या वाट्याला एकही जेतेपद दिसणार नाही. वही खोटं बोलत नाही, पण जेवढं विचारलं तेवढंच सांगते.

आणि बुलावायो? क्लार्क यांचा थोरला मुलगा टॉमी डार्टमथला वडिलांच्या हाताखाली खेळला, काही काळ बुलावायोच्या हायलँडर्सकडून खेळला, आणि मग बालरोगतज्ज्ञ झाला. झिम्बाब्वेत एड्सने माजवलेला हाहाकार त्याने पाहिला होता. एकेकाळचे सहकारी खेळाडू दगावत होते आणि त्याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नव्हतं. २००२ मध्ये त्याने काही मित्रांबरोबर ‘ग्रासरूट सॉकर’ ही संस्था काढली. त्या संस्थापकांमध्ये मेथेम्बे एन्डलोवू हा बुलावायोचा आणि डार्टमथला शिकलेला खेळाडूही होता. कल्पना साधी: डॉक्टर किंवा सरकारी फलक जे सांगतो ते किशोरवयीन मुलं ऐकत नाहीत, पण आवडत्या फुटबॉलपटूचं ऐकतात. तेव्हा खेळाडूंना शिकवा, ते मुलांना शिकवतील, मैदानावर, खेळातूनच. बुलावायोत सुरू झालेलं हे काम पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेलं. बाप गोलकीपर, मुलगा डॉक्टर, पण दोघांचा पेशा शेवटी एकच ठरला.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. अमेरिकेतले अनेक जाणकार म्हणतात की कॉलेज फुटबॉल ही व्यावसायिक खेळाडू घडवण्याची चुकीची जागा आहे. युरोपात अठराव्या वर्षी मुलगा मोठ्या क्लबात रोज सराव करतो, दहा महिन्यांचा हंगाम खेळतो. अमेरिकेत त्याच वयात तो चार महिने खेळतो आणि उरलेला वेळ परीक्षा देतो. अठरा ते बावीस ही घडण्याची वर्षं वाया जातात. खेळाच्या दृष्टीने हे बऱ्याच अंशी खरं आहे. आता तिथले व्यावसायिक क्लब स्वतःच्या अकादमी चालवतात आणि गुणी मुलं कॉलेजात फार काळ थांबत नाहीत.

पण क्लार्क यांच्या हातून गेलेल्या दोन खेळाडूंकडे बघा. मॅट बेस्लर नोटर डेमला चार वर्षं पूर्ण करून व्यावसायिक झाला. डिसेंबर २०१३ च्या पहिल्या आठवड्यात तो कॅन्सस सिटीकडून अमेरिकेची व्यावसायिक लीग जिंकला, आणि पुढच्या उन्हाळ्यात ब्राझीलमधल्या विश्वचषकात अमेरिकेचे चारही सामने खेळला. दुसरा हॅरी शिप, ज्याच्या फ्री किकवर विजयी गोल झाला. तो शिकागो, मॉन्ट्रियल आणि सिअ‍ॅटलकडून खेळला आणि २०२० मध्ये, तिशी गाठण्याआधीच, स्वतःहून खेळ थांबवून पुढच्या आयुष्याकडे वळला. व्यावसायिक क्लबाच्या हिशेबात बेस्लर हा नफा आणि शिप ही अर्धवट राहिलेली गुंतवणूक. शिक्षकाच्या हिशेबात दोघेही उत्तीर्ण आहेत. आणि संघातले बहुसंख्य तर कधीच व्यावसायिक होत नाहीत. ते वकील, अभियंते, शिक्षक होतात. त्यांच्यासाठी कॉलेजातली चार वर्षं हीच अख्खी कारकीर्द असते. ती वाया गेली असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

आता थोडं आपल्याकडे. क्लार्क यांचा आपल्याशी थेट संबंध नाही, आणि मी तो ओढूनताणून जोडणार नाही. अमेरिकेचा पैसा, तिथली मैदानं आपल्याकडे नाहीत हेही मान्य. पण या गोष्टीतल्या दोन बाबींना पैसा लागत नाही.

पहिली म्हणजे, खेळ शिकवणारा माणूस हा प्रशिक्षित शिक्षक असला पाहिजे, आणि संस्थेने त्याला शिक्षक मानलं पाहिजे. आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत क्रीडाशिक्षक तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. मे महिन्यात त्याचा करार संपतो. जूनमध्ये तो परत येईल की नाही हे त्यालाही माहीत नसतं. शाळेत पी.टी.चा तास गणिताचे सर अभ्यासक्रम राहिला म्हणून मागून घेतात, आणि आपण पालक त्यांचे आभार मानतो. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात म्हणून मुलाला जिल्हास्तरावर खेळवायची धडपड करतो. गुण मिळाले की मैदान सुटतं. खेळ म्हणजे प्रमाणपत्र मिळवायची खिडकी झाली की तिथे बसणाऱ्या माणसाला कुणी शिक्षक समजत नाही.

दुसरी बाब वेळेची. क्लार्क डार्टमथला नऊ वर्षं होते, स्टॅनफर्डला पाच, नोटर डेमला सतरा. राष्ट्रीय विजेतेपद आलं ते तेराव्या हंगामात. पहिल्या बारा वर्षांत विद्यापीठाने त्यांना का काढलं नाही? कारण संघ दरवर्षी चांगला खेळत होता, मुलं पदव्या घेत होती, आणि हा माणूस काय करतो आहे हे तिथल्या लोकांना दिसत होतं. निकालाव्यतिरिक्त बघायला डोळे लागतात, आणि ते संस्थेच्या चालकांना असावे लागतात. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाली, विद्यापीठाच्या संघात किती मुलं निवडली गेली ते मोजलं, अहवालात छापलं की वर्ष संपलं. पाच वर्षांपूर्वीच्या संघातली मुलं आज काय करतात, त्यांच्यातलं कुणी आज दुसऱ्या मुलांना शिकवतं का, याची नोंद कोणत्या जिमखान्यात आहे? मला तरी दिसलेली नाही.

ज्या सरांच्या नावाने आपण आज जमलो आहोत, त्यांच्या बाबतीत ही नोंद तुम्ही स्वतः आहात. वर्गणी काढून ही व्याख्यानमाला चालवणारे त्यांचे विद्यार्थी आहेत. सभागृहात आलेल्यांपैकी काहीजण स्वतः शाळांमधून खेळ शिकवतात, हे मला संयोजकांनी सांगितलं. सरांच्या काळात संघाने किती ढाली आणल्या ते सरांच्या परिचयात वाचलं गेलं. ते योग्यच. पण माझ्या मते त्या परिचयात तुमची नावंही हवी होती.

म्हणून समारोपाला ठराव वगैरे न मांडता या गावातल्या शिक्षणसंस्थांच्या चालकांना एक विनंती करतो. पुढच्या वेळी क्रीडाशिक्षकाची मुलाखत घ्याल तेव्हा तीन वर्षांत किती ढाली आणून द्याल असं विचारू नका. तुमच्या हाताखालून गेलेली मुलं आज काय करतात, असं विचारा. उमेदवार तरुण असेल तर त्याच्याकडे अजून सांगण्यासारखं काही नसेल. मग त्याला कायम करा, मैदान द्या, त्याचा तास त्याच्याकडेच राहू द्या, आणि हाच प्रश्न पंधरा वर्षांनी पुन्हा विचारा.